फौजी कार्ड आणि दुसरा विमा

श्रोतेहो, पुण्याच्या मार्केट यार्डात कांदा विकला की आडत्याच्या गाळ्यावरून हिशेबाची पट्टी मिळते. माल एक, पट्टी एक. तिचे पैसे काही दोनदा मिळत नाहीत. दवाखान्याच्या बिलाचंही तसंच आहे बरं का.

समजा, साताऱ्याकडचे एक माजी हवालदार आहेत. वय ७२, पेन्शन चालू. मुलगा यार्डात एका गाळ्यावर दिवाणजी. म्हाताऱ्यांजवळ ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचं कार्ड आहे. ही योजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. वर्गणी एकदाच भरायची, मग नवराबायको दोघांना जन्मभर उपचार. पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधं मिळतात. मोठं दुखणं असेल तर तिथली चिठ्ठी घेऊन ठरलेल्या इस्पितळात जायचं. खर्चाला ठराविक रकमेची मर्यादा नाही.

आता मुलानं खाजगी कंपनीचा विमाही काढला. चालेल का? चालेल. पण क्रम सांभाळायचा. ज्या बिलाचे पैसे आपण पदरचे भरले, त्याची मूळ कागदपत्रं आधी विमा कंपनीकडे द्यायची आणि नकला जपून ठेवायच्या. कंपनीनं किती रक्कम दिली, याचा दाखला तिच्याकडून घ्यायचा. मग उरलेल्या रकमेसाठी पॉलिक्लिनिककडे जायचं. बिल १ लाखाचं, कंपनीनं ६० हजार दिले, तर मागणी ४० हजारांची. त्यातले किती मंजूर होतील, ते सरकारी दरांवर ठरतं. दोन्ही मिळून खर्चापेक्षा जास्त पैसा मिळत नाही.

सरकारी कार्डाची गोष्ट मात्र निराळी. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान योजनेचं कार्ड मिळू लागलं. त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात, पण इस्पितळात दाखल झाल्यावरच. खाजगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं. ईसीएचएसवाल्यांना मात्र दोहोंतून एकच निवडावं लागतं. म्हणून गावात शिबिर लागलं की घाईनं अंगठा देऊ नका. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठून मिळतात, ते आधी बघा. फौजी कार्ड सोडलं तर त्या गोळ्यांचा खर्च आपल्याच खिशातून!

आणखी एक. रात्री-अपरात्री दुखणं उठलं आणि जवळच्या कुठल्याही इस्पितळात न्यावं लागलं, तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. नाहीतर पुढं बिल अडकतं.

गुरुजी, तुमच्या गावातही एखादे निवृत्त जवान किंवा वीरपत्नी असतीलच. त्यांच्या पेटीतली कार्डं एकदा वाचून दाखवा. शंका राहिली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. पट्टी वाचल्याशिवाय आपण गाळा सोडत नाही. मग कागद वाचल्याशिवाय अंगठा तरी का द्यावा?