देव बोलतो तेव्हा ऐकण्याचा अधिकार कोणाला?

धर्मग्रंथाचा विषय निघाला की आपल्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अधिकाराचा. ग्रंथ कोणी सांगितला, आणि तो ऐकण्याची मुभा कोणाला होती? शूद्राने वेद ऐकला तर त्याला कोणती शिक्षा द्यावी, हे गौतम धर्मसूत्राने लिहून ठेवले आहे. त्याही व्यवस्थेच्या वेशीबाहेर ठेवलेल्या वस्तीतून मी आलो, आणि आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. मी ख्रिस्ती नाही. पण ख्रिस्ती विचारातील 'प्रकटीकरण' ही संकल्पना वर्गात समजावून सांगताना मी हाच प्रश्न तिलाही विचारतो.

ख्रिस्ती श्रद्धा असे मानते की माणूस स्वतःच्या बुद्धीने देवाला पुरतेपणी जाणू शकत नाही. देवालाच स्वतःला उघड करावे लागते. हे उघड होणे दोन प्रकारचे मानले जाते. पहिले सर्वसाधारण : सृष्टीतून आणि माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीतून. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या दोन अध्यायांत याचा आधार सापडतो. दुसरे विशेष : इतिहासातील घटना, संदेष्टे, आणि शेवटी येशू. या प्रकटीकरणाची साक्ष म्हणजे बायबल. कॅथलिक पंथ शास्त्राबरोबर चर्चच्या परंपरेलाही मान देतो आणि १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ही भूमिका नव्याने मांडली. प्रॉटेस्टंट पंथांनी शास्त्र हेच अंतिम प्रमाण मानले.

मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत, त्यांना कर्ताच नाही. बायबलला मात्र ख्रिस्ती माणूस देवाचे वचन म्हणत असला, तरी ते माणसांच्या हातून लिहिले गेले हे तो नाकारत नाही. त्यातला आमोस हा गुरे-मेंढरे राखणारा होता. निर्गमाच्या कथेत देव मोशेला दर्शन देतो, ते मिसरमधल्या गुलामांचा आक्रोश ऐकून. आणि प्रकटीकरणाचा कळस मानला जातो तो नासरेथचा एक सुतार, ज्याला राजसत्तेने क्रूसावर मारले.

जे सर्वांसाठी सांगितले ते सर्वांच्या भाषेत हवे, हे ओघानेच येते. पण तेही सुखासुखी घडले नाही. १५२६ साली इंग्रजीत नवा करार छापणाऱ्या विल्यम टिंडेलला १५३६ मध्ये पाखंडी ठरवून गळा आवळून मारले आणि जाळले. मराठीत विल्यम कॅरीने १८११ साली नवा करार छापला. पंडिता रमाबाईंनी साध्या माणसाला समजावे म्हणून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

तरीही ग्रंथ खुला झाला म्हणजे माणूस मोकळा झाला, असे समजण्याचे कारण नाही. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. तिच्यातून गुलामांच्या सुटकेची निर्गमकथा गाळली होती. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे गलतीकरांस पत्रातले वचनही गाळले होते. देव बोलतो असे म्हणणाऱ्यांनीच देवाच्या तोंडावर हात ठेवला! पुढे जर्मनीत एका ख्रिस्ती गटाला वंशात आणि हिटलरच्या उदयात देवाची इच्छा दिसू लागली. त्याविरुद्ध १९३४ च्या बार्मेन घोषणापत्रात कार्ल बार्थ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बजावले की येशूखेरीज दुसऱ्या कशालाही चर्चने देवाचे प्रकटीकरण मानू नये. मात्र त्या घोषणापत्रात ज्यूंच्या छळाबद्दल एक शब्द नव्हता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

म्हणून ज्यांच्यापासून अर्थ चोरला गेला त्यांनीच तो परत घेतला. अमेरिकेतील जेम्स कोन याने १९७० साली मांडले की काळ्यांच्या मुक्तिलढ्यापासून तोडलेले प्रकटीकरण हे प्रकटीकरणच नव्हे. आपल्याकडे अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या ईश्वरविद्येचा विचार मांडला. दलित ख्रिस्ती ईश्वरविद्येची सुरुवात तेथून धरली जाते. चर्चमध्येही जात शिरली होती, त्यामुळे हा प्रश्न बाहेरच्यांइतकाच घरातल्यांनाही विचारलेला होता.

बाबासाहेबांची वाट निराळी. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते दाखवतात की बुद्धाने स्वतःसाठी वा धम्मासाठी दैवी उगमाचा दावा केला नाही. त्याचा धम्म माणसाने माणसासाठी शोधलेला आहे. मला हीच वाट पटते. कारण जे प्रकट झाले म्हणून सांगितले जाते, त्याचा अर्थ लावणारा कोणीतरी लागतो, आणि त्या खुर्चीवर बहुधा बलवानच बसतो.

परंतु आपल्या ख्रिस्ती भावंडांशी बोलताना एवढ्यावर थांबून चालणार नाही. त्यांच्या श्रद्धेच्या गाभ्यात गुलामांचा आक्रोश ऐकणारा देव आहे. त्या देवाच्या नावाने जेव्हा कोणी बोलेल, तेव्हा त्याने कोणती पाने गाळली आहेत हे तपासण्याचे काम त्यांचे आहे आणि आपलेही.