पिल्लाची लव आणि आपली कात्री

पिल्लू घरी यायचं ठरलं की पट्टा, वाडगा, गादी यांची खरेदी हौसेने होते. कंगवा मात्र राहून जातो. पिल्लू किमान आठ आठवडे आईजवळ राहिलेलं असावं. घरी रुळलं की रोज दोन मिनिटं मऊ ब्रश फिरवावा. त्या वयात केस फारसे गुंतत नाहीत, पण सवय तेव्हाच लागते. कान-पंजे हाताळू देण्याचीही.

साधारण चार-सहा महिन्यांचं झालं की बाळलव झडू लागते आणि मोठेपणीचे केस येतात. लॅब्रॅडॉर, पॉमेरेनियन, हस्की यांच्या अंगावर दुहेरी आवरण असतं: वर राठ केस, खाली दाट लव. उन्हाळ्यात ‘बिचाऱ्याला उकडतं’ म्हणत लोक ते सरसकट भादरून टाकतात. मला हा प्रकार अजिबात पटत नाही. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. शरीर थंड होतं ते धापा टाकून. वरचे केस कातडीला उन्हापासून वाचवतात, आणि भादरल्यावर ते काहींना पूर्वीसारखे येतच नाहीत. सुटलेली लव विंचरून काढली तरी हवा खेळती राहते.

आंघोळीला आपला शांपू नको. आपली त्वचा आम्लधर्मी, तर कुत्र्याची त्यामानाने उदासीनतेकडे झुकणारी.

फिरून आल्यावर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावी. सापडलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल लावू नये. गोचिडांवरच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती पशुवैद्यालाच विचारावी.