गांवची सामाईक ठेव

(लासूर स्टेशन, तालुका गंगापूर, येथील एका निवृत्त शिक्षकाचें नभोवाणीवरील भाषण)



मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली आगगाडी रोटेगांव, परसोडा, करंजगांव हीं स्थानकें मागें टाकून लासूरला येते. निजामाच्या अमदानींत, १९०० च्या सुमारास, गोदावरीच्या खोऱ्यांतून हा लोहमार्ग घालण्यांत आला. स्थानकाभोंवतीं जी वस्ती वाढली तिला लासूर स्टेशन हें नांव पडलें. शिवना नदीकांठचें मूळ लासूर तें निराळें. अशा ठिकाणीं आसपासच्या खेड्यांतील माणसें बाजाराच्या निमित्तानें एकत्र येतात. कांद्याचा भाव विचारून झाला, पावसाची वार्ता झाली, कीं बोलणें गांवच्या कारभाराकडे वळतें. कोणाच्या गांवीं समाजमंदिर नवें झालेलें असतें, तर कोणाच्या गांवीं जुन्या समाजमंदिराची किल्ली कोणापाशीं आहे याचाच पत्ता नसतो. सर्वांच्या मालकीची वस्तु टिकते कशी आणि नासते कशी, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

आपणांपैकीं बहुतेकजण शहरांत राहतां. तेव्हां प्रथम गांवच्या सामाईक ठेवींत काय काय मोडतें तें सांगणें इष्ट होईल. समाजमंदिर किंवा सभागृह म्हणजे नुसत्या चार भिंती व पत्र्याचें छप्पर नव्हे. तेथें एखाद्या कपाटांत वाचनालयाचे ग्रंथ असतात. कोपऱ्यांत सतरंज्या रचलेल्या असतात. लग्नकार्याचीं मोठीं पातेलीं, पराती, ओगराळीं, ताटें व वाट्या असतात. कोठें ध्वनिक्षेपक असतो. जवळच पाण्याची टाकी, व्यायामशाळा, पिठाची गिरणी असते. अलीकडे शेतकरी गटांनीं घेतलेलीं पेरणीयंत्रें व फवारणीचे पंप यांचीही त्यांत भर पडली आहे. ज्याच्या घरीं सर्व कांहीं आहे त्याला या वस्तूंचें महत्त्व वाटत नाहीं. परंतु ज्या घरांत अभ्यासाला कोपरा नाहीं, त्या घरच्या मुलीला वाचनालयांतील दिवा व टेबल हेंच विद्यालय असतें; आणि मजुरी करणाऱ्या बापाला मुलीच्या लग्नांत भांड्यांचें भाडें वांचलें तर तेवढें कर्ज कमी होतें.

ही कल्पना कांहीं आजची नव्हे. चावडी, पार, देवळाचा सभामंडप, धर्मशाळा, तालीम, विहीर व गायरान हीं सर्व जुन्या गांवाचीं सामाईक स्थानेंच होतीं. पण जुन्या काळाचें गुणगान करतांना एक गोष्ट झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ‘सर्वांचें’ या शब्दांत सर्व येत नसत. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळांत बोले यांचा ठराव संमत झाला, आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या कराव्या असें ठरलें. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आमच्या लासूरहून दौलताबाद फार दूर नाहीं. १९३४ सालीं डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह तेथील किल्ला पाहण्यास आले असतां, दाराजवळच्या हौदांतील पाण्यानें मंडळींनीं हातपाय धुतले, एवढ्यावरून केवढा गहजब झाला तें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेनें विहिरी, तलाव व सार्वजनिक जागा सर्व नागरिकांना खुल्या केल्या. म्हणून सामाईक वस्तूची पहिली कसोटी ती किती मोठी आहे ही नसून, तिचें दार कोणाकोणाला उघडें आहे ही होय. आजही जें समाजमंदिर एकाच वस्तीचें मानलें जातें, किंवा जेथें स्त्रियांना बसण्याची सोय नाहीं, तें नांवापुरतेंच समाजाचें असतें.

मराठवाड्याला आणखी एक अडचण होती. निजामी राजवटींत गश्ती निशाण ५३ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या हुकुमान्वयें सभेला आगाऊ परवानगी घ्यावी लागे. जेथें चार माणसांनीं एकत्र बसून बोलणेंच संशयास्पद, तेथें सार्वजनिक संस्थेचें रोपटें वाढावें कसें? १७ सप्टेंबर १९४८ रोजीं ती राजवट संपली. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं देशांत सामूहिक विकास योजनेस आरंभ झाला आणि ग्रामीण भागांत सभागृहें, वाचनालयें, विहिरी यांच्या बांधणीला सरकारी साहाय्य मिळूं लागलें. १९५६ सालीं मुंबई राज्याच्या पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवांत पुणें नभोवाणी केंद्राच्या द्वारें ‘युनेस्को’च्या साहाय्यानें एक प्रयोग झाला. गांवांतील मंडळींनीं एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकावा व लगेच त्यावर चर्चा करावी, अशी योजना होती. या मंडळांच्या सभासदांच्या ज्ञानांत चांगली भर पडली असें पाहणींत दिसून आलें. यांतील मर्म असें कीं, यंत्र एकच असलें तरी ऐकणारीं माणसें एकत्र बसलीं म्हणजे त्या यंत्राची किंमत अनेक पटींनीं वाढते.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. सामाईक वस्तु सर्व सारख्याच आहेत असें समजून एकच नियम लावला, तर तो निष्फळ ठरतो. माझ्या मतें त्यांचे तीन वर्ग करावे.

पहिला वर्ग वापरानें न संपणाऱ्या वस्तूंचा. सभागृह, वाचनालय, ध्वनिक्षेपक या वर्गांतील होत. दहा जणांनीं ग्रंथ वाचला म्हणून त्यांतील अक्षरें झिजत नाहींत. यांचा शत्रु वापर हा नसून कुलूप हा आहे. बंद सभागृहांत वाळवी शिरते, छप्पर गळतें तें कोणाच्या लक्षांत येत नाहीं, आणि शेवटीं तेथें कोणाचा तरी कडबा येऊन पडतो. यांना नियम हवा तो उघडण्याच्या वेळेचा. रोज संध्याकाळीं दोन तास दार उघडणारें माणूस नेमिलें, तर निम्में काम झालें.

दुसरा वर्ग वापरानें घटणाऱ्या वस्तूंचा. ताटें हरवतात, सतरंज्या फाटतात, पाणी संपतें, गिरणीला वीज लागते. येथें शाळेंतील एक साधें गणित मांडतों. समजा, गांवापाशीं दोनशें ताटें आहेत. वर्षांत वीस कार्यें होतात आणि दर कार्यांत पांच ताटें परत येत नाहींत. पहिल्या वर्षाच्या अखेरीस शंभर ताटें उरतात. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एकही नाहीं. कोणीं चोरी केली असें नव्हे. दरेक घराला वाटतें कीं पांचानें काय होणार! पण तेंच पांच ताटांचें मोल दर कार्याच्या वेळीं घेऊन ठेविलें, तर दोनशेंचीं दोनशें ताटें दहा वर्षेंही राहतील. फुकट दिलेली वस्तु दोन वर्षांत गेली व अल्प आकार घेतलेली टिकली, तर गरिबाचें हित कशांत झालें? ज्याला तो आकारही जड आहे, त्याला सभेनें उघड ठराव करून माफी द्यावी. पण माफी ओळखीवर देऊं नये.

तिसरा वर्ग सर्वांना एकाच वेळीं लागणाऱ्या वस्तूंचा. हा सर्वांत कठीण. ग्रंथ आज न मिळाला तर आठवड्यानें चालतो. लग्नाची तिथी आधीं ठरलेली असते. परंतु पाऊस पडून जमिनीला वापसा आला, कीं पेरणीयंत्र सगळ्या शेतकऱ्यांना त्याच चार-पांच दिवसांत हवें असतें. मागून पेरणाऱ्याचें पीक मागें पडतें, म्हणून येथें भांडणें होतात, आणि पुष्कळदां ज्याचा शब्द मोठा त्याचें शेत आधीं पेरलें जातें. अशा वस्तूला पाळीच हवी. पाऊस येण्यापूर्वीं, म्हणजे कोणालाही घाई नसतांना, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा आणि पुढच्या हंगामांत तो उलटा करावा. जो यंदां शेवटीं, तो पुढें पहिला.

पाळीचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाहीं. नाशिक व धुळें जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर बंधारे बांधून चालणारी फड पद्धति कित्येक शतकांची आहे. तेथें जमिनीचे फड पाडलेले असतात. एका फडांत एका हंगामाला एकच पीक घेतलें जातें, आणि पाटाचें पाणी ठराविक क्रमानें फिरतें. पाणी देण्यासाठीं पाटकरी व राखणीसाठीं जागल्या हे शेतकऱ्यांनींच नेमलेले असतात आणि त्यांचा मोबदला शेतकरीच देतात. पाणी कोणी मोजावें व चुकणाऱ्याला कोणी अडवावें, याचा निर्णय दूरच्या कचेरींत होत नाहीं.

सामाईक मालमत्ता म्हटली कीं ती नासणारच, असें मत गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञानें १९६८ सालीं आग्रहानें मांडलें होतें. त्याला उत्तर दिलें तें एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीनें. निरनिराळ्या देशांतील कुरणें, मत्स्यक्षेत्रें व पाटबंधारे यांचा अभ्यास करून तिनें १९९० सालीं एक ग्रंथ लिहिला, व २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणारी ती पहिली स्त्री ठरली. तिचे निष्कर्ष आपल्या फडाच्या पाटकऱ्याला सहज पटतील. हक्कदार कोण हें स्पष्ट असावें. नियम वापरणाऱ्यांनीं स्वतः करावे. देखरेख करणारा त्यांना जबाबदार असावा. चुकणाऱ्याला प्रथम लहान व मग वाढता दंड असावा. आणि तंटा जवळच्या जवळ व थोड्या खर्चांत मिटावा.

आमच्याच जिल्ह्यांतील पाटोदा या गांवाचें उदाहरण यासंबंधीं पाहण्यासारखें आहे. तेथील माजी सरपंच भास्करराव पेरे पाटील यांच्या कारकीर्दींत जें कुटुंब ग्रामपंचायतीचा कर वेळेवर भरील त्याला गांवच्या गिरणींत दळण फुकट, असा नियम करण्यांत आला. नळांना मीटर बसले, आणि शुद्ध केलेलें पिण्याचें पाणी कुटुंबाला कार्डावर मोजून मिळूं लागलें. वरवर पाहतां दळणाचा व कराचा संबंध काय? संबंध असा कीं, कर भरल्यानें आपणांस काय मिळतें हें गृहिणीला रोज पिठाच्या डब्यांत दिसतें. फुकट हा शब्द येथेंही आहे. पण त्याच्या आधीं कर्तव्य आहे.

कायद्यानेंही ही जबाबदारी गांवाकडेच सोंपविली आहे. १९९२ सालीं संमत झालेली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ति २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आली. तिच्या योगें घटनेला जोडलेल्या अकराव्या अनुसूचींत पंचायतींचे २९ विषय दिले आहेत. त्यांत ग्रंथालयें हा विसावा, आणि अगदीं शेवटचा, एकोणतिसावा, सामाईक मत्तेची देखभाल हा आहे. व्यवहारांतही तो शेवटचाच राहतो, ही खेदाची गोष्ट! इमारतीच्या पायाभरणीला पाहुणे येतात, उद्घाटनाला फीत कापली जाते. पण खिडकीची फुटलेली कांच बसविण्याच्या दिवशीं कोणी हार घेऊन येत नाहीं. योजना विटा देते, झाडू देत नाहीं. झाडू गांवालाच आणावा लागतो.

तो आणण्याचें ठिकाण म्हणजे ग्रामसभा. महाराष्ट्रांत वर्षांतून निदान चार ग्रामसभा व्हाव्या असा दंडक आहे, आणि गणपूर्तीला मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १०० माणसें, यांपैकीं जो आंकडा कमी असेल तेवढी उपस्थिति पुरते. या सभेंत एक साधी वही वाचून दाखवावी. कोणती वस्तु किती, कोणीं नेली, केव्हां परत केली, किती आकार जमला, किती दुरुस्तीला गेला, एवढें तींत असावें. वही उघडपणें वाचली गेली, कीं संशय व कुजबूज यांना जागा उरत नाहीं. आणि संशय हा भिंतींतील ओलीपेक्षांही समाजमंदिराला अधिक लवकर पाडतो.

शेवटीं, शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांना एक विनंति. आपणांपैकीं पुष्कळांचें मूळ गांव कोठें तरी आहे. जत्रेला किंवा दिवाळीला गेल्यावर गांवासाठीं कांहीं द्यावें असें आपणांस वाटतें, आणि आपण एखादा पंखा किंवा कपाट देऊन त्यावर वडिलांचें नांव घालतां. भावना चांगलीच आहे. पण त्याऐवजीं एखाद्या वर्षीं वाचनालयाच्या दिव्याचें बिल, दार उघडणाऱ्या माणसाचें मानधन, किंवा पत्र्याच्या दुरुस्तीचा खर्च आपण उचलावा, व वहींत त्याची नोंद झाली कीं नाहीं तें पाहावें. त्यावर नांवाची पाटी लागणार नाहीं. मात्र परीक्षेच्या दिवसांत त्या दिव्याखालीं कोणीतरी मुलगी वाचीत बसलेली असेल.

आणि गांवाकडे पाहतांना आपल्या इमारतीचा जिना, गच्चीवरील टाकी व तळमजल्यावरचा दिवा यांकडेही एकदां दृष्टि टाकावी. तेथेंही हाच प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तरही हेंच.