नसलेल्या सनरूफची काच

एक साधा प्रश्न घेऊ. गाडीला सनरूफ नाही. मग सनरूफची काच रंगीत आहे की साधी? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! सनरूफच नाही तर काच कुठली? बरोबर. पण हे 'कुठली' संगणकाला समजावणं सोपं नाही, आणि आज आपल्याला तेच बघायचं आहे. विषयाचं नाव जरा जड आहे : सशर्त बंधनपूर्ती समस्या.

आधी बंधनपूर्ती म्हणजे काय ते पाहू. सुडोकूत 81 चौकोन असतात. प्रत्येकात 1 ते 9 पैकी एक अंक भरायचा आणि ओळीत, स्तंभात, छोट्या पेटीत तो पुन्हा येऊ द्यायचा नाही. चौकोन म्हणजे चल, अंक म्हणजे त्याचं मूल्य, नियम म्हणजे बंधन. इथे आपण एक गोष्ट गृहीत धरतो : चौकोन किती, हे आधीच ठरलेलं आहे. कोडं सोडवता सोडवता 82 वा चौकोन उगवत नाही.

ग्राहकाच्या मागणीनुसार वस्तूची जुळणी करताना मात्र तो उगवतो. 1990 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातले संजय मित्तल आणि ब्रायन फाल्कनहायनर यांनी हा मुद्दा नेमका पकडला. त्यांचं उदाहरण गाडीचंच होतं. पॅकेज, बॉडी आणि इंजिन प्रत्येक गाडीला ठरवावंच लागतं. सनरूफ, एसी, काच यांचं तसं नाही. म्हणून त्यांनी बंधनांच्या दोन जाती केल्या. पहिली सांगते, ही निवड त्या निवडीशी जुळते की नाही. दुसरी सांगते, हा चल मुळात विचारात घ्यायचा की नाही.

थोडा हिशेब करू. समजा सनरूफ दोन प्रकारचं आहे : बंदिस्त आणि उघडणारं. काच रंगीत किंवा साधी. उघडण्याची सोय हाताने किंवा बटणाने, पण ती फक्त उघडणाऱ्या सनरूफला. तर खऱ्या गाड्या किती? सनरूफ नसलेली 1, बंदिस्तवाल्या 2, उघडणाऱ्या 4, एकूण 7. आता तिन्ही प्रश्न प्रत्येक गाडीला विचारले तर 3×2×2 म्हणजे 12 जोडण्या होतात. सनरूफ नसलेली एकच गाडी त्यात चारदा मोजली जाते! यावर उपाय म्हणून काच आणि सोय यांनाही 'काही नाही' असं मूल्य दिलं, तर जोडण्या 27 होतात आणि त्यातल्या 20 नवे नियम लिहून बाद कराव्या लागतात. पद्धत चुकीची नाही, बरं का. ती वापरलीही जाते. पण प्रत्येक नियमाला 'असेल तर' हे शेपूट लावावं लागतं, आणि एखादं राहिलं की नसलेल्या काचेचे पैसे बिलात येतात.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे रसेल आणि स्ट्रॉसन आठवतील. 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे' हे विधान रसेलने 1905 मध्ये असत्य ठरवलं. 1950 मध्ये स्ट्रॉसन म्हणाला, राजाच नाही, तेव्हा सत्य की असत्य हा प्रश्नच उद्भवत नाही. सशर्त पद्धत स्ट्रॉसनच्या बाजूची वाटते : प्रश्नाला रिकामं उत्तर देण्याऐवजी ती प्रश्नच उभा करत नाही.

मग उत्तर शोधायचं कसं? नेहमी लागणाऱ्या चलांपासून सुरुवात करायची. एक मूल्य ठरवलं की पाहायचं, यामुळे कोणता नवा चल आत आला, कोणाला दार बंद झालं. त्यांच्या उदाहरणात लक्झरी पॅकेज सनरूफ मागतं आणि कन्व्हर्टिबल बॉडी सनरूफला मनाई करते. एकाच चलाला 'ये' आणि 'येऊ नको' असे दोन्ही हुकूम मिळाले की मागे फिरायचं. तिथून पुढची काच, तिची सोय, काहीच तपासायला नको.

आणखी एक बारकावा आहे, आणि आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समजा दोन नियम आहेत : मोठी बॅटरी असेल तर जादा चार्जर हवा, आणि जादा चार्जर असेल तर मोठी बॅटरी हवी. ग्राहकाने दोन्ही मागितलेलं नाही. तरी दोन्ही बसवले तर एकही नियम मोडत नाही! दोघं एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत, जमिनीवर कोणीच नाही. आपल्या न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. म्हणून नियम न मोडणं पुरेसं नाही. प्रत्येक भागाची कारणं शोधत मागे गेलं, तर ती साखळी ग्राहकाच्या निवडीपर्यंत किंवा नेहमी लागणाऱ्या भागापर्यंत पोचली पाहिजे. तशी पोचत नसेल तर तो भाग गाडीत नको, बिलातही नको.

हे गाड्यांपुरतंच नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'अविवाहित' निवडल्यावरही पतीच्या नावाच्या रकान्यापुढे लाल तारा तसाच राहतो, आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मग ती मुलगी तिथे एक टिंब टाकते किंवा वडिलांचं नाव. पुढे कधी नोंदी तपासताना तेच टिंब तिच्यापुढे अडचण म्हणून उभं राहतं. फॉर्म तयार करणाऱ्याने रकान्याला एक अट जोडली असती, तर तिच्यावर ही वेळ आली नसती.