ज्येष्ठांच्या संस्था, निवडणूक आणि एकवीस हजारांची अट

पोलादपूर, प्रतिनिधी

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाट चढू लागला की, कधी दरीत तर कधी डोंगराच्या पोटाशी, लहान-लहान वाड्या दिसू लागतात. या वाड्यांतील कर्ती पिढी मुंबई, ठाणे किंवा पुण्यात आहे. गणपतीत आणि शिमग्याला घरे भरतात. एरवी तेथे मुक्काम असतो तो मुख्यतः म्हाताऱ्या माणसांचा. २००१ च्या तुलनेत २०११ च्या जनगणनेत पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, यात स्थानिकांना काहीच आश्चर्य वाटले नाही. याच जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ९.९ टक्के होती. प्रत्येक निवडणुकीत हा वर्ग मत देतो. पण त्याच्या वतीने मागणे कोणी मागायचे, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

वास्तविक हे काम वृद्धांची सेवा करणाऱ्या संस्थांचे. वृद्धाश्रम चालवणारे विश्वस्त निधी, फिरते दवाखाने नेणाऱ्या संस्था, गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ आणि त्यांचा राज्यव्यापी महासंघ ‘फेस्कॉम’ यांच्याकडे वृद्धांच्या अडचणींची जी माहिती असते, ती सरकारी फायलींत नसते. तरीही निवडणुकीचे वर्ष उजाडले की अनेक विश्वस्त मंडळांत एकच वाक्य ऐकू येते, ‘आपण धर्मादाय संस्था, आपण राजकारणात पडायचे नाही.’ हे वाक्य अर्धे खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागाची किंमत घाटातल्या वृद्धांना मोजावी लागते.

कायद्याची रेघ कोठे आहे?

राजकीय हेतू हा धर्मादाय हेतू नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच, पुण्याच्या ल. ब. भोपटकर यांनी धर्मादाय आयुक्तांविरुद्ध लढवलेल्या खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली संस्था एखाद्या पक्षाचे काम करू शकत नाही. संस्थेच्या निधीतून पक्षाला देणगी देणे, आश्रमाच्या आवारात एकाच उमेदवाराची सभा भरवणे, संस्थेच्या पत्रकावर ‘अमुक चिन्हावर शिक्का मारा’ असे छापणे हे सारे रेघेपलीकडचे. उमेदवाराच्या परवानगीवाचून त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा तर निवडणूकविषयक गुन्हाच आहे.

परंतु निवृत्तिवेतन वाढवा, तालुक्याच्या रुग्णालयात वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग हवा, वाडीपर्यंत एसटी आणा, असे मागणे हा पक्षीय प्रचार नव्हे. हेच निवेदन सर्व पक्षांना, सर्व उमेदवारांना दिले, उत्तरे मागितली आणि आलेली उत्तरे जशीच्या तशी प्रसिद्ध केली, तर त्यात गैर काही नाही. निवडणूक पत्रके छापताना मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता घालण्याचे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ (क) चे बंधन असते. संस्थेने आपल्या पत्रकावरही ते घातलेले बरे. म्हणजे वादाला जागा उरत नाही.

परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थांची धास्ती अधिक असते. बंद, हरताळ, रास्ता रोको असे मार्ग वारंवार अवलंबणाऱ्या संस्थेला ‘राजकीय स्वरूपाची’ ठरवण्याची मुभा २०११ च्या नियमांनी केंद्राला दिली होती. ‘इन्साफ’ या संस्थेच्या याचिकेवर ६ मार्च २०२० रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या नियमाला मुरड घातली. सक्रिय राजकारणाशी वा पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना, नागरिकांच्या हक्कासाठी अशा मार्गाने पाठिंबा देणाऱ्या संस्थेला या नियमाखाली शिक्षा करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. विश्वस्तांच्या बैठकीत हा निकाल वाचला गेला पाहिजे.

अमेरिकेतही रेघ साधारण याच जागी आहे. तेथे १९५४ पासून करसवलत घेणाऱ्या धर्मादाय संस्थांना उमेदवाराचा प्रचार करण्यास बंदी आहे. तरीही वृद्धसेवा देणाऱ्या ना-नफा संस्थांची ‘लीडिंगएज’ ही संघटना कायदेमंडळाकडे उघडपणे मागण्या मांडते. सर्व उमेदवारांना समान संधी देऊन त्यांना एकाच मंचावर बोलावण्यासही तेथे आडकाठी नाही. आपल्याकडे हा प्रघात रुळलेला नाही, इतकेच.

२०२४ ने काय दाखवले?

मागणी नेमकी कोणती असावी, हा खरा कळीचा प्रश्न. त्यासाठी २०२४ या वर्षाकडे पाहावे. त्या वर्षी लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या. रायगड मतदारसंघात ७ मे रोजी आणि विधानसभेसाठी २० नोव्हेंबरला मतदान झाले. या काळात वृद्धांसाठी घोषणांची वानवा नव्हती. फेब्रुवारीत ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ आली; चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा २ लाख. जुलैमध्ये ‘मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना’ आली. प्रतिव्यक्ती ३०,००० रुपयांपर्यंत खर्च, मर्यादा अडीच लाख. विधानसभेच्या तोंडावर महायुतीने वृद्धांचे निवृत्तिवेतन दीड हजारावरून २,१०० रुपये करण्याचे वचन दिले. केंद्रात भाजपच्या जाहीरनाम्यातील सत्तरीपुढील सर्वांना ‘आयुष्मान’चे कवच देण्याचे आश्वासन २९ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रत्यक्षात आले. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात केंद्राचा निवृत्तिवेतनाचा वाटा १,००० रुपये करण्याचे वचन होते.

या गर्दीत एक आकडा कोणाच्याही भाषणात आला नाही. तो म्हणजे २१,०००.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा लाभ ६५ वर्षांवरील ज्या निराधार वृद्धांना मिळतो, त्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, किंवा नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे लागते. महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला जेमतेम ५७! २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. घरातल्या एका माणसाने वर्षात ७१ दिवस रोजगार हमीवर खडी फोडली, तर त्याची म्हातारी आई कागदोपत्री ‘निराधार’ उरत नाही. निवृत्तिवेतन ६०० वरून १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. उत्पन्नाची अट मात्र तेथेच राहिली.

यातली विसंगती लाडकी बहीण योजनेने उघडी पाडली. २१ ते ६५ वयाच्या महिलांना दरमहा १,५०० रुपये आणि उत्पन्न मर्यादा अडीच लाख! वरची वयोमर्यादा सुरुवातीला ६० होती, ती टीकेनंतर ६५ केली गेली. आता घाटातील एका बाईचा विचार करा. चौसष्टाव्या वर्षी तिचे घर अडीच लाखांच्या मर्यादेत बसते म्हणून तिला दीड हजार मिळतात. पासष्टी ओलांडली की ती या योजनेतून बाहेर पडते. श्रावणबाळच्या दारात जावे, तर तेथे मर्यादा आहे अडीच लाखांच्या बाराव्या हिश्शाहून थोडी अधिक. म्हणजे वय वाढले, औषधाचा खर्च वाढला आणि सरकारी मदत थांबली. तीर्थयात्रेला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. पण यात्रेसाठी जे सरकार अडीच लाखांपर्यंत गरीब मानते, तेच भाकरीसाठी २१,००० वर अडते, याचे उत्तर कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराकडून मागता येते. हे मागण्यासाठी पक्षीय झेंडा खांद्यावर घ्यावा लागत नाही.

रक्कम वाढवण्याचे आश्वासन देणे तुलनेने सोपे असते. ती वाढ जुन्याच लाभार्थ्यांत वाटली जाते. अट शिथिल केली की लाभार्थीच वाढतात, म्हणून तिला हात लागत नाही. संस्थांच्या निवेदनांतही बहुधा रकमेचीच मागणी वर असते. या प्रतिनिधीच्या मते ती दुसऱ्या क्रमांकावर गेली पाहिजे.

केंद्राचे वागणे तर याहून कंजूषपणाचे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात आरंभी ७५ रुपये मिळत. पुढे २०० झाले, २०११ मध्ये ऐंशीपुढील वृद्धांसाठी ५०० ठरले आणि २०२४ च्या निवडणुकांपर्यंत आकडा तेथेच थिजलेला होता. हमाल पंचायतीचे बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने मे २०१२ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरले, तेव्हा सर्व वृद्धांना दरमहा किमान २,००० रुपयांची मागणी होती. ते आंदोलन कोणत्याही पक्षाचे नव्हते.

वेळ चुकली की सारे चुकते

निवेदन केव्हा द्यायचे, यालाही महत्त्व आहे. आचारसंहिता लागल्यावर (२०२४ मध्ये विधानसभेसाठी ती १५ ऑक्टोबरला लागली) सरकारला नवी योजना जाहीर करता येत नाही. जाहीरनामा समित्यांचे काम त्याच्या आधीच सुरू झालेले असते. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात हार घालून दिलेले निवेदन वर्तमानपत्रात छायाचित्र मिळवून देते, यापलीकडे फारसे काही नाही. निकालानंतर मार्चचा अर्थसंकल्प हा दुसरा टप्पा. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ना बहिणींचे २,१०० जाहीर झाले, ना वृद्धांचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने जाहीरनाम्यांविषयी मार्गदर्शक सूचना केल्या. आश्वासनासाठी पैसा कोठून आणणार, हे पक्षांनी ढोबळमानाने तरी सांगावे, अशी त्यात अपेक्षा आहे. संस्थांनी या सूचनेचा आधार घेऊन प्रश्न विचारला, तर पक्षांना ‘विचार करू’ म्हणून सुटका करून घेता येणार नाही.

मतदानाच्या दिवशीचे कामही संस्थांचेच. २०२४ पासून घरबसल्या मतदानाची सोय ८५ वर्षांपुढील मतदारांसाठी आहे. त्याआधी ती ८० वर्षांपुढे होती. त्यासाठी ‘१२-डी’ हा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरावा लागतो. पाच दिवसांत दुर्गम वाडीवर अर्ज पोहोचवून भरून घेणे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला एकट्याने जमण्यासारखे नाही. ८५ च्या आतल्यांना मात्र केंद्रापर्यंत चालावे लागते. त्यांच्यासाठी संस्थेने गाडी ठेवायची असेल, तर ती निवडणूक अधिकाऱ्यांना कळवूनच ठेवावी. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने इतर कोणी मतदारांना फुकट वाहतूक पुरवणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार मानला जातो आणि चांगल्या हेतूने काढलेली गाडी कोणाच्या तरी खात्यावर टाकली जाण्याची भीती असते.

निवडणूक संपल्यावरही राजकारण संपत नाही, हे तहसील कचेरीत कळते. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज मंजूर करणारी तालुकास्तरीय समिती असते. तहसीलदार तिचे सदस्य सचिव. अध्यक्ष व बरेच सदस्य अशासकीय, पालकमंत्र्यांच्या शिफारशीने नेमलेले. सत्ता बदलली की समिती बदलते आणि ती नसेपर्यंत अर्ज मंजुरीचे काम प्रशासनाकडे येते. अर्जदाराला यातले काही ठाऊक नसते. उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, दर वर्षीचा हयातीचा दाखला या प्रत्येक कामासाठी घाट उतरून पोलादपूर गाठावे लागते. पंचाहत्तरीपुढील वृद्धांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे खरी; पण ती जेथे येते तेथवरच.

२००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार निर्वाहाचा दावा ऐकणारे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असते. पोलादपूरच्या वृद्धांसाठी ते महाडला आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी एक आश्रम, ही याच कायद्यातील तरतूद. पण तिची शब्दयोजना राज्यावर सक्ती करणारी नाही. तालुका समितीवर वृद्धसेवा करणाऱ्या संस्थेचा एक प्रतिनिधी असावा आणि तिची बैठक दरमहा व्हावी, एवढी मागणी महाड मतदारसंघातील प्रत्येक उमेदवारापुढे लेखी ठेवता येईल. तिला खर्च लागत नाही आणि होकार वा नकार एका ओळीत देता येतो.