गाडीची हजेरी

पहाटे ५.३०
हिंगोलीच्या हळद मार्केटबाहेर ट्रक ओळीनं उभे आहेत. एका दहा चाकी गाडीच्या केबिनमधून ड्रायव्हर खाली उतरतात. पन्नाशीचे असतील. क्लीनर पोरगा त्यांना मामा म्हणतो, म्हणून मीही मामाच म्हणतो. गाडी काल संध्याकाळी आली. गेटच्या पावतीवर वेळ आहे ६.५०. बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुऊन झालं की मामा टामी घेतात आणि एकेक टायर ठोकून बघतात. आवाज बद्द आला की हवा कमी. दहाही टायर ठीक आहेत. तीन चहा, तीस रुपये. पैसे मामा देतात, मला देऊ देत नाहीत.

सकाळी ७.१५
वजनकाटा. रिकामी गाडी ९,८०० किलो. पावतीवर तारीख आहे, वेळ आहे, गाडीचा नंबर आहे. ड्रायव्हरचं नाव नाही. काट्याचे शंभर रुपये मालकाच्या हिशेबात. पावती केबिनमधल्या पत्र्याच्या डब्यात जाते. त्यात टोलच्या, डिझेलच्या, पंक्चरच्या चिठ्ठ्या आहेत.

सकाळी १०.३०
बीट सुरू झालं. सेनगाव, कळमनुरी, शेजारच्या वाशिमकडून आलेल्या हळदीचे ढीग लागलेत. व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतात आणि पुढं सरकतात. आपल्या गाडीत कोणता माल भरायचा, हे सौदे झाल्यावर ठरणार. तोवर थांबायचं. मामा केबिनमध्ये आडवे होतात. पत्रा तापलाय. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. ही गाडी त्याआधीची आहे. छोटा पंखा गरम हवाच फिरवतो. दर पंधरा मिनिटांनी मामा डोकं वर काढून गोदामाकडं बघतात. बोलावणं आलं आणि गाडी हलली नाही, तर नंबर मागं जातो.

दुपारी १.४५
भरणं सुरू. पन्नास किलोचे कट्टे. हमाल आकडा मारतो, पाठ वाकवतो, दुसरे दोघं कट्टा पाठीवर देतात. तो फळीवरून वर जातो, खांदा तिरका करून कट्टा थप्पीवर सोडतो. धूळ पिवळी. हमालांच्या भुवया पिवळ्या, क्लीनरचे कान पिवळे. त्यांची हमाली कट्ट्यावर असते, त्यामुळं पाय थांबत नाहीत. मामांनाही हलता येत नाही. क्लीनर फाळक्यावर खडूनं पाच-पाचच्या रेघा ओढतो आणि मामा त्या तपासतात. माल सांगलीला जायचाय. तिथं एक कट्टा कमी निघाला, तर आधी ड्रायव्हरला विचारतात. भरले ३५०.

संध्याकाळी ५.१०
ताडपत्री. ती दोघांनी वर चढवायची, ओढायची, कडा आत दुमडायच्या, मग दोर. मामा दोराला लोंबकळून गाठ आवळतात. तळहातावर दोराचा जुना घट्टा आहे. याचे वेगळे पैसे नाहीत.

संध्याकाळी ६.२०
पुन्हा काटा. भरलेली गाडी २७,४५० किलो. दहा चाकीची मर्यादा २०१८ पासून २८,५०० आहे. पावती डब्यात.

संध्याकाळी ७.००
व्यापाऱ्याच्या पेढीवर मुनीम ई-वे बिल काढतात. नियम सोपा आहे. २०० किलोमीटरला एक दिवस मुदत. २०२१ च्या आधी १०० ला एक होता. सांगली पाचशेच्या आसपास, म्हणून तीन दिवस. दिवस मोजतात तो रात्री बारापासून बारापर्यंत. आज मंगळवार, तो धरायचा नाही. पहिला दिवस बुधवारी रात्री बाराला संपेल, तिसरा शुक्रवारी रात्री बाराला. हेच बिल आज मध्यरात्र उलटल्यावर काढलं असतं, तर शनिवार रात्रीपर्यंत चाललं असतं. ‘‘तीन दिवस आहेत, सावकाश जा,’’ मुनीम म्हणतात. तेवढ्यात व्यापारी मान वर करतात, ‘‘उद्या संध्याकाळी माल पोचायला पाहिजे.’’

संध्याकाळी ७.४०
गाडी निघाली. मालकाच्या मोबाइलवर जीपीएसचा ठिपका हलायला लागला असणार, कारण औंढ्याच्या आधीच फोन येतो. ‘‘निघालात का?’’ ‘‘निघालो.’’

रात्री १०.००
परभणीच्या पुढं ढाबा. दोन थाळ्या, २४० रुपये. मामांचा भत्ता दिवसाला ४००, पगार महिन्याला १५,०००. क्लीनरचं जेवण मामांच्या भत्त्यातूनच जातं.

क्लीनर मोबाइलवर युरोपातल्या एका पंजाबी ड्रायव्हरचा व्हिडिओ बघतोय. त्यात तो सांगतोय, तिकडं मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढं करतात. पोराला प्रश्न पडतो, मग त्या रात्री गाडी चालवणाऱ्याचा तास बुडतो का? मी सांगतो, बुडत नाही. तिथल्या ट्रकमध्ये टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं. ते ड्रायव्हरच्या नावाच्या कार्डावर चालवणं, थांबणं, विश्रांती, सगळं मिनिटामिनिटानं नोंदवतं. भिंतीवरचं घड्याळ पुढं जावो की मागं, त्याच्या आतला जागतिक वेळ बदलत नाही. दिवसाला फार तर नऊ तास चालवायचं, आठवड्यात दोनदा दहा. साडेचार तासांनी पाऊण तास थांबायचं.

‘‘आपल्याला तास ठरलेत का?’’ पोरगा विचारतो.

ठरलेत. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला आठ, आठवड्याला ४८ तास ठरवले, पाच तासांनी अर्धा तास विश्रांती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंही तेच तास धरले.

मामा भाकरी मोडतात. ‘‘लिहितं कोण ते?’’

रात्री १.४०
बालाघाटाचा चढ ओलांडून अंबाजोगाई. चढावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत आली. मामांनी काच खाली केली, मान चोळली, तोंडावर पाणी मारलं. क्लीनरचं काम आता एकच, बोलत राहायचं. तो शेजारच्या गावातल्या लग्नाचं सांगतो. मामा हो-हो म्हणतात. हो यायला उशीर झाला की तो आवाज वाढवतो.

पहाटे ३.००
लातूरच्या अलीकडं पेट्रोल पंप. गाडी बाजूला. मामा खिशातून डायरी काढतात. किलोमीटर, डिझेल, खर्च, अशा रेघा आखल्यात. आज त्यांनी खाली एक ओळ वाढवली: ‘हिंगोली गेट, सोमवार ६.५०’. आणि गेटची पावती त्या पानाला टाचणीनं लावली.

ते समजावून सांगतात. भत्ता धरतात गाडी भरल्या दिवसापासून. सोमवारची रात्र त्यात येत नाही. भरायला फार उशीर झाला, तर पार्टी हॉल्टिंग देते, पण ते गाडीचं असतं, मालकाकडं जातं. पहाटे साडेपाचपासून आत्तापर्यंत साडेएकवीस तास झाले. त्यातलं स्टिअरिंग साडेसहाच्या आसपास. बाकी सगळं थांबणं, मोजणं, बांधणं.

‘‘गाडी कवा आली, कवा निघाली, किती वजन घेऊन निघाली, सगळं छापून येतं बगा,’’ मामा म्हणतात. ‘‘मंग माझा भत्ता बी तवापासून धरावा. एक दिवसाचे चारशे. सांगलीहून आलो की ही पावती घेऊन मालकाकडं जाणार. मागच्या वेळी तोंडी बोललो, तर म्हणाले पुरावा काय.’’

मोबाइलवर साडेसहाचा गजर लावतात. सोलापूर उन्हाच्या आधी ओलांडायचंय.