युद्धकालीन वैद्यकीय मदतीचे अभिलेख

युद्धातील जखमींच्या शुश्रूषेसाठी गेलेल्या पथकांची पत्रे, रोजनिशा, रुग्णनोंदवह्या, औषधांच्या याद्या, जमाखर्च व छायाचित्रे यांचा या संज्ञेत अंतर्भाव होतो. रणांगणावरील कागद घाईत, हलक्या प्रतीच्या साहित्यावर व हलत्या मुक्कामात तयार होतात. पथक परतले की त्यांचा वाली उरत नाही. म्हणून लष्करी दप्तरांपेक्षा हे अभिलेख अधिक लवकर नष्ट होतात.

जपानमध्ये या कार्याला संस्थात्मक आधार लवकर लाभला. सानो त्सुनेतामी यांनी १८७७ मध्ये सात्सुमा बंडाच्या वेळी स्थापन केलेल्या हाकुआइशा या संस्थेचे १८८७ मध्ये जपानी रेडक्रॉस संस्थेत रूपांतर झाले. चीनबरोबरच्या युद्धापासून (१८९४-९५) तिच्या परिचारिका युद्धकार्यासाठी जाऊ लागल्या. तथापि ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीच्या सुमारास जपानी लष्कराने आपले असंख्य कागद जाळून टाकले. शिल्लक राहिलेली शासकीय कागदपत्रे २००१ पासून आशियाई इतिहास अभिलेख केंद्रामार्फत अंकीय प्रतिमांच्या रूपाने खुली होऊ लागली.

महाराष्ट्राशी निगडित असे या विषयाचे ठळक उदाहरण त्याच जपानविरुद्ध लढणाऱ्या चीनला साहाय्य करणाऱ्या भारतीय वैद्यकीय पथकाचे होय. नोव्हेंबर १९३७ मध्ये जनरल चू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनावरून निधी जमला आणि सप्टेंबर १९३८ मध्ये अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी हे पाच डॉक्टर मुंबईहून निघाले. यांपैकी चोळकर नागपूरचे, तर द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१०–९ डिसेंबर १९४२) सोलापूरचे. पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनमधील आघाडीवर गेले, १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले व तेथेच अपस्माराने मरण पावले. शस्त्रक्रियेवरील त्यांचे एक पाठ्यपुस्तक अपुरे राहिले.

हे पथक सरकारी नव्हते. त्याला पाठविणारी संस्था राजकीय पक्ष होती व तीही ऑगस्ट १९४२ मध्ये बेकायदा ठरविली गेली. परिणामी त्याचे एकत्रित असे दप्तर कोठेच निर्माण झाले नाही. काँग्रेसची कागदपत्रे दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात (२०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय) आहेत. चू दे यांचे पत्र नेहरूंच्या निवडक पत्रसंग्रहात १९५८ मध्ये छापले गेले. बसू यांची रोजनिशी पुढे ग्रंथरूपाने आली. रुग्णालयीन साहित्य साहजिकच चीनमध्ये राहिले. सोलापुरात कोटणीस यांच्या राहत्या घरी २०१२ मध्ये स्मारक सुरू झाले.

विखुरलेल्या साहित्याची सूची करताना नावांचा घोळ होतो. पाचही डॉक्टरांनी चीनचा निर्देश करणारे ‘हुआ’ हे पद आपल्या नावांस जोडले होते. चिनी कागदांत कोटणीस ‘के दीहुआ’ म्हणून आढळतात. सूचीकाराने दोन्ही नावांची परस्परनिर्देशक नोंद ठेवली नाही, तर संशोधकास निम्मा पुरावा सापडणारच नाही. मूळ कागदांची गरज अन्य कारणांनीही भासते. कोटणीसांनी केलेल्या शस्त्रक्रियांचे आकडे, इतकेच काय त्यांच्या विवाहाची तारीखही, सर्व लेखनांत एकसारखी नाही. व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) या चित्रपटाने त्यांची स्मृती घरोघरी पोहोचविली. पण तो चित्रपट आहे, पुरावा नव्हे.

अशा कागदांचा पुष्कळ भाग खाजगी घरांत असतो आणि तेथे हवामान निर्णायक ठरते. सोलापूरची हवा कोरडी आहे. तेथे उष्णतेने कागद ठिसूळ होतो. याउलट मावळात, विशेषतः वर्षाला सु. ४०० सेंमी.हून अधिक पाऊस पडणाऱ्या लोणावळ्यात, पावसाळ्यातील कित्येक आठवडे हवेतील सापेक्ष आर्द्रता बुरशी वाढण्याच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे सु. ७० टक्क्यांच्या वर राहते. ट्रंकेत घट्ट बंद केलेली पत्रे तेथे अधिकच खराब होतात, कारण कोंडलेला ओलावा बाहेर पडत नाही. लाकडाच्या लगद्याच्या कागदातील आम्ल धाग्यांना आतून कुरतडते, ते वेगळेच. त्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइडाच्या सौम्य विद्रावाचा उपाय करतात. मात्र शाई फुटत नाही ना, हे आधी एका कोपऱ्यावर तपासावे लागते. सेल्युलोज ॲसिटेटचे पातळ पापुद्रे ॲसिटोनने चिकटविण्याची पद्धत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विकसित झाली व दीर्घकाळ रूढ होती. ते पापुद्रे स्वतःच जीर्ण होतात असे आढळल्यामुळे आता गव्हाच्या खळीने चिकटविलेला, तुतीवर्गीय झाडाच्या सालीचा पातळ जपानी कागद श्रेयस्कर मानतात. जपानी आक्रमणाच्या काळातील पत्रेही अशा जपानी कागदानेच सांधली जावीत, हा योगायोग लक्षणीय आहे.

रुग्णांची नावे व व्याधी असलेल्या नोंदवह्या खुल्या करताना गोपनीयतेचा विचार करणे अगत्याचे असते. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ हा मुख्यतः शासकीय कागदांस लागू आहे. खाजगी कागद राष्ट्रीय अभिलेखागारास देणगी वा खरेदीने स्वीकारता येतात. परंतु ते देणे सर्वस्वी कुटुंबाच्या इच्छेवर अवलंबून असते.